मांजर सारखं खाजवतंय? कारण शोधायचं कसं, पायरी पायरीनं

आमची चिंगी रात्री दोनला मान खाजवायला लागली की तिचा मागचा पाय पलंगाच्या फळीवर आपटून टक टक टक आवाज यायचा आणि घरातले सगळे जागे व्हायचे. चार महिने हे चाललं. त्या चार महिन्यांत मी तिचं खाणं तीनदा बदललं, दोन शाम्पू आणले, खोबरेल तेल चोळलं, कुणीतरी सांगितलं म्हणून दूध बंद केलं, आणि यातल्या निम्म्या गोष्टी एकाच आठवड्यात केल्या, त्यामुळं मधे थोडं बरं वाटलं तरी ते कशानं वाटलं हे कळायला काही मार्गच राहिला नाही. शेवटी कारणं दोन निघाली, पिसवा आणि सुकट. दोन्ही घरातच होती.

म्हणून सोलापुरातल्या मांजरवाल्यांसाठी हे सगळं नीट लिहून काढतेय. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: खाज हा रोग नाही, ते लक्षण आहे, आणि त्यामागं कारणं बरीच असू शकतात. ती शोधायची तर ठरलेल्या क्रमानं जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. क्रम असा: आधी अंगावरचे किडे, मग बुरशी आणि जंतू, मग खाणं, आणि हे सगळं बाजूला पडल्यावर हवेतली धूळ-परागकण वगैरे. उलट्या बाजूनं सुरू केलं की पैसे पण जातात आणि मांजर पण हाल काढतं.

आधी एक वही घ्या

मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतंय. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या: आज खाज दहापैकी किती, कुठं खाजवलं किंवा चाटलं, आणि आज नवीन काय झालं (औषध, नवीन खाणं, फिनाईलनं फरशी पुसली, कूलर सुरू केला, पाहुण्यांचं कुत्रं आलं). आठवड्यातनं एकदा त्याच जागेचा त्याच उजेडात फोटो काढायचा. डोळ्याला रोजचा फरक दिसत नाही, फोटोत दिसतो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत जेवढे प्रश्न विचारले त्यातल्या अर्ध्यांची उत्तरं माझ्याकडं नव्हती, कधीपासून, वर्षभर असतंय का ठराविक महिन्यात, घरात माणसांना खाज आहे का, मी सगळ्याला "बहुतेक" म्हणत बसले होते.

मांजर चाटत असलं तर त्यालाही खाजच धरा. कुत्रं खाजवतं तसं मांजर उघड खाजवेलच असं नाही, पुष्कळ मांजरं लपून चाटतात आणि आपल्याला फक्त पोटावरचे केस गेलेले दिसतात. केस गळालेत की चाटून तुटलेत हे बोटानं कळतं थोडंफार, तुटलेले केस उलट्या बाजूनं बोट फिरवलं की दाढीच्या खुंटासारखे टोचतात. डॉक्टर केसाचं टोक मायक्रोस्कोपखाली बघून पक्कं सांगतात.

कुठं खाजवतंय ते बघा

जागेवरनं रोग पक्का होत नाही पण दिशा मिळते. शेपटीच्या बुडापाशी, कंबरेवर, मागच्या मांड्यांवर बारीक खपल्या, हात फिरवला की वाळूसारखं लागतं, असं असेल तर पिसवा आधी. कानाच्या कडा आणि तोंडावर जाड, करड्या, कोरड्या खपल्या असतील तर खरूज. कानात चहापत्तीसारखा काळा चुरा आणि मांजर डोकं झटकतंय तर कानातले किडे. नाकाच्या दांड्यावर आणि कानाच्या पाळीवर बारीक फोड किंवा खपल्या असतील तर डास. फक्त मान आणि तोंड रक्त येईपर्यंत ओरबाडत असेल तर खाण्याचा संशय जरा वाढतो, पण तसं पिसवांनी पण होतंय. वरचा ओठ सुजून त्याला चर पडली असेल तर लोक म्हणतात उंदीर चावला, बऱ्याचदा तो ॲलर्जीचाच एक प्रकार असतो, डॉक्टरांना दाखवा.

पोटाचं मात्र सांभाळून. खालचं पोट सारखं चाटणं हे लघवीच्या पिशवीच्या दुखण्यानं पण होतं. आणि बोका परत परत मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी येत नाही असं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच वेळी दवाखान्यात न्या, लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

पिसवा: दिसत नाहीत म्हणून नाहीत असं नाही

मांजराच्या खाजेचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. "आमच्या मांजराला पिसवा नाहीत हो, मी बघितलंय" असं मी स्वतः डॉक्टरांना दोनदा सांगितलं. अडचण अशी की ॲलर्जी पिसूच्या थुंकीची असते, त्यामुळं अंगावर शंभर पिसवा लागत नाहीत, एखाद-दुसरी चावली तरी पुरे होतंय. आणि ज्या मांजराला जास्त खाज तेच जास्त चाटतं, चाटताना पिसवा गिळून टाकतं, म्हणून नेमकं त्याच्याच अंगावर काही सापडत नाही.

घरी तपासायचं असं. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या, मांजराला पांढऱ्या ओल्या कागदावर किंवा ओल्या रुमालावर उभं करा आणि शेपटीच्या बुडापासनं मानेपर्यंत फणी फिरवा. काळे बारीक कण पडले तर एक-दोन मिनिटं थांबा. साधी धूळ असेल तर काळीच राहते, पिसूची विष्ठा असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. दुसरी खूण म्हणजे गुदद्वारापाशी किंवा झोपायच्या जागेवर वाळलेल्या तांदळाच्या कणीसारखे तुकडे, ते पट्टकृमीचे, आणि तो कृमी पिसू गिळूनच पोटात जातो. मग पिसवा सापडल्या नाहीत तरी आहेत असंच समजायचं.

आता सोलापूरचं बोलू. बाहेर मे महिन्यात ४२-४३ डिग्री असताना उघड्यावर पिसूची अंडी टिकत नाहीत. पण आपण घरात काय करतो, दारं-खिडक्या लावतो, पडदे ओढतो, कूलर लावतो, म्हणजे पलंगाखाली सावली, ओलावा आणि मांजराची झोप, सगळं एकाच जागी. मोठ्या पिसवा अंगावर दिसतात त्या सगळ्या मिळून फार थोड्या असतात, बाकीचा सगळा कारभार, अंडी, अळ्या, कोश, जमिनीवर असतो. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते आणि ती केसांवरनं घरंगळून जिथं मांजर झोपतं तिथं पडतात. आमच्याकडं जुनी शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यात धूळ भरलेली, आणि खालच्या खोलीत कारखान्याकडनं आलेल्या चादरींचे गठ्ठे. चिंगीची आवडती जागा कुठली, तर त्याच गठ्ठ्यांवर. ज्यांच्या घरात किंवा घराला लागून माग आहे त्यांनी तर कोपऱ्यातला कापसाचा फुफाटा आधी बघा, पिसूच्या अळ्यांना असली मऊ, अंधारी जागा फार मानवते.

म्हणून उपाय दोन्हीकडं एकदम. मांजरासाठी डॉक्टरांनी दिलेलं मांजराचंच औषध, फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनसारखं, वजनाप्रमाणं. ते मानेवर केस बाजूला करून कातडीवर सोडायचं, केसांवर नाही, आणि जीभ पोचणार नाही अशा जागी. पुढं-मागं दोन दिवस अंघोळ नको. घरात दोन मांजरं आणि एक कुत्रं असेल तर तिघांनाही त्यांचं त्यांचं औषध त्याच दिवशी, एकाला सोडलं की त्याच्या अंगावर घर चालू राहतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं निदान तीन महिने. पिल्लू ८ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर विचारल्याशिवाय कुठलंच औषध लावू नका, फणीनं काढा, आणि पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर लगेच दवाखाना, पिसवा पिल्लाचं रक्त खरंच संपवतात.

घरासाठी: पाणी येईल त्या दिवशी अंथरूण, चादरी, मांजराचं पोतं जे काय असेल ते गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. ऊन आपल्याकडं भरपूर आहे, ते वापरा. पलंग सरकवून झाडा, फरशीचे सांधे ब्रशनं काढा, व्हॅक्यूम असेल तर तो फिरवा आणि कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर. हे आठवड्यातनं दोनदा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक पिसवा वाढल्यासारख्या वाटतील, तेव्हा औषध फेल गेलं म्हणून सोडू नका. कोशात बसलेल्या पिसवा कित्येक आठवडे, कधी महिने थांबतात आणि हालचाल, ऊब लागली की बाहेर येतात, त्या कोशावर औषधाचा परिणाम होत नाही.

एक धोका, कृपा करून पूर्ण वाचा

कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही. कुत्र्याच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये, पावडरीत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे, मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात दुकानातनं "दोघांनाही चालतंय" म्हणून आणलं, अर्धंच लावलं, संध्याकाळपर्यंत मांजर थरथरायला लागलं. ते वाचलं, कारण पोरीनं वेळ न घालवता उचलून नेलं. असं चुकून झालंच आणि मांजर शुद्धीवर असेल तर भांडी घासायच्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुवा, टॉवेलनं पुसा आणि पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठा.

घरातले बाकीचे उपाय पण असेच. फिनाईल, डेटॉल, कापूर, डांबराच्या गोळ्या, टी ट्री ऑइल, निलगिरी, हे काहीही मांजराच्या अंगावर किंवा अंथरुणात नको. मांजर जे अंगावर लागेल ते चाटून पोटात घेतं. आणि दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुद्धा देऊ नका, ती मांजराला मारते.

खरूज, कानातले किडे, गजकर्ण

हे घरी ओळखायचा प्रयत्न करत बसू नका, दवाखान्यात स्वस्तातल्या तपासण्या आहेत. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं, चिकटपट्टी लावून बघणं, कानातला मळ काडीवर घेऊन बघणं. गल्लीतल्या बोक्यांशी मारामारी करून येणाऱ्या मांजरात खरूज बरीच सापडते, खाज भयानक असते आणि घरातल्या माणसांच्या हातावर, पोटावर पण बारीक पुरळ येतं. म्हणून डॉक्टरांना घरात कुणाला खाज आहे का हे आपणहून सांगा. खरवडून काही सापडलं नाही तरी किडे नाहीत असं होत नाही, त्यामुळं पुष्कळ डॉक्टर संशयावरनंच उपचार करून बघतात आणि ते बरोबर आहे.

गजकर्ण बुरशीचं आहे, त्याला खाज असेलच असं नाही. गोल केस गेलेला चट्टा, कडेला कोंडा, विशेषतः पिल्लांमध्ये. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली काही चट्टे हिरवट चमकतात पण सगळे नाही, त्यामुळं ऑनलाइन टॉर्च मागवून "चमकलं नाही म्हणजे नाही" असं ठरवू नका. कल्चरला, म्हणजे केस-कोंड्यातली बुरशी वाढवून बघायच्या तपासणीला, दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर लहान पोरांना मांजर कुशीत घेऊन झोपू देऊ नका, कारण हे माणसाला लागतं. आणि गजकर्ण असताना स्टेरॉइड दिलं गेलं तर ते पसरतं, म्हणून हे आधी बघून घ्यायचं.

खाजवून खाजवून कातडी फुटली की तिथं जंतू वाढतात आणि त्यांची वेगळी खाज सुरू होते. तिचा उपचार केला नाही तर मूळ कारण गेलं तरी मांजर खाजवतच राहतं आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढतो.

डासांचं लवकर आटपते. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं म्हणून दारोदारी बॅरल, टाक्या भरलेल्या, डास बारा महिने. काही मांजरांना डास चावल्याची ॲलर्जी असते. संध्याकाळ ते सकाळ मांजर जाळीच्या आत ठेवा, पाणी झाका. आठवडा-दोन आठवड्यांत नाकावरच्या खपल्या सुकल्या तर उत्तर मिळालं.

खाणं: इथं धीर लागतो

पिसवांचे उपचार नीट होऊनही खाज उरली तरच इकडं या. चिंगीची खाज वहीत आठवरनं चारवर आली होती आणि तिथंच अडकली होती.

खाण्याच्या ॲलर्जीची रक्ततपासणी मिळते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खरी तपासणी एकच: ८ आठवडे असं खाणं ज्यात मांजरानं आधी कधी न खाल्लेलं प्रोटीन आहे, किंवा प्रोटीनचे बारीक तुकडे केलेलं दवाखान्यातलं हायड्रोलाइज्ड खाणं, आणि त्याशिवाय दुसरं काहीही नाही. मांजरात जास्त वेळा सापडणारे गुन्हेगार म्हणजे बीफ, मासे आणि चिकन. गव्हावर लोक उगाच संशय घेतात. चिकनचा ब्रँड बदलून दुसऱ्या ब्रँडचं चिकन देणं म्हणजे काहीच बदललं नाही, मी हेच तीनदा केलं. मांजरानं मटण कधी खाल्लं नसेल तर मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता उकडलेलं बोकडाचं मटण चालू शकतं, पण डॉक्टरांना विचारून आणि तेवढ्या काळापुरतंच, कारण नुसत्या मटणात कॅल्शियम वगैरे पुरत नाही. पिल्लांना तर हे नकोच.

"दुसरं काहीही नाही" यात दूध, भाकरीचा तुकडा, दही, चव घातलेल्या गोळ्या, कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं, सगळं आलं. आणि शेजार. आमच्या शेजारच्या अक्का चिंगीला रोज दुपारी मूठभर सुकट घालायच्या, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी जाऊन सांगितलं, अक्का, आठ आठवडे हिला काही घालू नका. "अगं एका तुकड्यानं काय होतंय," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना मानेवरच्या जखमेचा फोटो दाखवला, त्या गप्पच झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासनं चिंगी दारात आली की त्या तिला उचलून आमच्याकडं आणून सोडायच्या. आम्ही आठ आठवडे परत पहिल्यापासनं मोजले. मांजर बाहेर फिरत असेल तर तेवढे दिवस घरातच ठेवा, नाहीतर तपासणीला अर्थ नाही.

नवीन खाणं एकदम देऊ नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू जुनं कमी करत न्या. मांजर हट्टी असतं म्हणून "भूक लागली की खाईल" असं करू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही जाड मांजर, तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन.

आणि आठ आठवड्यांनी बरं वाटलं म्हणजे काम झालं नाही. जुनं खाणं एकेक करून परत द्यायचं, एका पदार्थाला दोन आठवडे. खाज परत आली तरच ॲलर्जी सिद्ध झाली. हे करायला जीव होत नाही, मला माहिती आहे, मान भरून आलेली असते. पण न करता आयुष्यभर महागडं खाणं घालत बसण्यापेक्षा हे बरं. चिंगीला चिकनचं जुनं खाणं दोन आठवडे दिलं, काही नाही. दूध दिलं, शी पातळ झाली पण खाज नाही (दूध न पचणं वेगळं, बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही). मग सुकट. तिसऱ्या रात्री पलंगाच्या फळीवर टक टक टक.

उरलं तर

पिसवा, किडे, बुरशी, जंतू, खाणं, सगळं बघून झालं आणि खाज आहेच, तर मग घरातली धूळ, धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी यांची ॲलर्जी धरतात. तिची एक अशी तपासणी नाही, बाकीचं बाजूला सारूनच तिथं पोचता येतं. ॲलर्जीची रक्ततपासणी किंवा कातडीची टेस्ट असते ती ॲलर्जी आहे का हे सांगायला नसून ॲलर्जी हळूहळू कमी करायच्या इंजेक्शनच्या कोर्समध्ये काय घालायचं ते ठरवायला असते. ही ॲलर्जी बहुतेक तरुणपणी सुरू होते. दहा वर्षांचं मांजर पहिल्यांदाच खाजवायला लागलं तर ॲलर्जी म्हणून सोडू नका, रक्त तपासा, आतलं दुखणं असू शकतं. घरात करण्यासारखं म्हणजे कूलरचे पॅड सीझनच्या सुरुवातीला बदला, टाकीतलं पाणी शिळं ठेवू नका, उदबत्ती-धूप मांजराच्या खोलीत नको, फरशी साध्या पाण्यानं पुसा.

"टेन्शननं चाटतंय" हे निदान फार लवकर केलं जातं. असंच ठरवून पाठवलेल्या २१ मांजरांचा एक अभ्यास २००६ मध्ये छापला होता, त्यात निव्वळ मनाचं कारण फक्त २ मांजरांत निघालं, १६ जणांना अंगाचाच आजार होता. घर बदललं, बाळ आलं, नवीन मांजर आणलं याचा त्रास होतो, नाही असं नाही, पण तो शेवटी धरायचा.

दवाखान्यात जाताना

एक इंजेक्शन दिलं की आठवड्यात मांजर एकदम छान होतं, ते बहुतेक लांब काळ चालणारं स्टेरॉइड असतं. मांजर रक्तबंबाळ असेल तर आराम द्यावाच लागतो, त्याला माझा विरोध नाही. पण कारण न शोधता दर दीड-दोन महिन्यांनी तेच घेत राहिलं तर मधुमेह होऊ शकतो, आणि खाण्याच्या तपासणीचा निकालही झाकला जातो. म्हणून विचारा: हे कुठलं औषध, किती दिवस राहील, त्याऐवजी कमी करता येणाऱ्या गोळ्या चालतील का. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. इथं उत्तर सापडलं नाही तर पुण्याला कातडीच्या आजारांवर काम करणारे प्राण्यांचे डॉक्टर आहेत, किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आपल्या डॉक्टरांकडनंच चिठ्ठी घेऊन जा.

सोबत न्यायचं ते एवढं: वही, फोटो, आत्तापर्यंत लावलेल्या-दिलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं, खाण्याच्या पुडीवरच्या घटकांचा फोटो, आणि फणीनं निघालेला कचरा चिकटपट्टीवर चिकटवून. जायच्या आधी दोन दिवस अंघोळ घालू नका आणि कान साफ करू नका, डॉक्टरांना जे बघायचंय तेच धुऊन जातं. मांजर पिशवीत कोंबून बाईकवर नेऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच. झाकणाची भाजीची प्लास्टिकची क्रेट दोरीनं बांधून, आत तिचीच जुनी चादर घालून, सकाळी लवकर रिक्षानं निघा.